माथ्यावरचे हिरवट बिंब

फेब्रुवारीच्या मध्यावर, रात्री दहाच्या सुमारास, मिथुन राशीतील एक अंधुक बिंब नशिराबादच्या जवळजवळ बरोबर माथ्यावरून जाते. गावाचे अक्षांश सुमारे २१ अंश उत्तर. आणि त्या बिंबाची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचे त्याचे अंतर, २१ अंशांहून किंचित कमी. अक्षांश आणि क्रांती यांचे आकडे जुळले की ती वस्तू खमध्यातून जाते, हा सरळ हिशेब आहे. तारकासूचीत या बिंबाचा क्रमांक एनजीसी २३९२. विल्यम हर्शेल यांनी १७८७ साली ते प्रथम पाहिले. इंग्रजीतले त्याचे एक प्रचलित टोपणनाव उत्तर ध्रुवाकडील लोकांना अवमानकारक वाटते, म्हणून नासाने २०२० साली ते वापरणे थांबवले. क्रमांक मात्र कोणालाच बोचत नाही.

नुसत्या डोळ्यांना हे बिंब दिसत नाही. सहा किंवा आठ इंची दुर्बिणीतून, पन्नास पटीच्या आसपास वर्धन ठेवून पाहिल्यास शेजारीशेजारी दोन तारे असल्यासारखे वाटते. त्यांतला एक टोकदार असतो, दुसऱ्याच्या कडा पुसट असतात. वर्धन शंभराच्या पुढे नेले की त्या दुसऱ्याचे लहानसे वाटोळे बिंब होते, आणि डोळा अंधाराला सरावलेला असेल तर त्यावर निळसर-हिरवट झाक उमटते. छायाचित्रांतील भडक रंगांची अपेक्षा ठेवून आलेला मनुष्य येथे निराश होतो. परंतु तो हिरवट रंग नेमका कशाचा, या एका प्रश्नाने जगातील नामवंत शास्त्रज्ञांना ६३ वर्षे झुलवत ठेवले होते, आणि त्या वादात पुण्यातल्या एका प्राध्यापकाचाही हात होता.

अशा वस्तूंना मराठीत बिंबाभ्रिका किंवा ग्रहीय तेजोमेघ म्हणतात. ग्रहांशी त्यांचा काडीइतका संबंध नाही. हर्शेल यांनी १७८१ साली युरेनस शोधला होता. पुढे आकाश चाळताना त्यांना युरेनसच्या चकतीसारखी फिकट, वाटोळी बिंबे आढळली, म्हणून त्यांनी हे नाव दिले आणि ते चिकटून राहिले. प्रत्यक्षात ती मरणाऱ्या ताऱ्याची उधळण असते. सूर्यासारखा तारा इंधन संपत आले की फुगून तांबडा राक्षसी तारा होतो, बाहेरचे थर अवकाशात सोडून देतो, आणि मध्ये उरतो तो पृथ्वीएवढ्या आकाराचा, अतितप्त श्वेतबटू. त्याच्या अतिनील किरणांनी सोडलेला वायू उजळतो. हा देखावा दहा-वीस हजार वर्षे टिकतो, मग वायू विरून जातो. ताऱ्याच्या अब्जावधी वर्षांच्या आयुष्यात हा अवधी डोळ्याच्या पात्याएवढा. आपला सूर्यही सुमारे पाच अब्ज वर्षांनी या वाटेने जाईल.

नशिराबादचे आकाश अशा निरीक्षणाला कितपत योग्य? पहिल्या नजरेत उत्तर निराशाजनक वाटते. पश्चिमेला जळगाव, पूर्वेला भुसावळ आणि त्यापलीकडे दीपनगरचे वीजकेंद्र. महामार्गावर रात्रभर वाहनांचे दिवे. दोन्ही क्षितिजांवर उजेडाचे घुमट असतात. आकाशगंगेचा पट्टा जेमतेम जाणवतो आणि दूरच्या दीर्घिका तर पुसल्याच जातात. परंतु बिंबाभ्रिकांचे गणित वेगळे आहे. त्यांतील बऱ्याच आकाराने लहान असल्याने त्यांचा प्रकाश थोड्या जागेत एकवटलेला असतो. एकच रक्कम एका खात्यात असणे आणि शंभर खात्यांत विखुरलेली असणे, यात जो फरक तोच येथे. कुंभ राशीतील हेलिक्स ही बिंबाभ्रिका एकूण प्रकाशाच्या हिशेबात कितीतरी प्रसिद्ध वस्तूंना मागे टाकते, पण तो प्रकाश चंद्रबिंबाच्या जवळपास निम्म्या रुंदीवर पसरलेला असल्याने गावातून ती हाती लागत नाही. उलट एनजीसी २३९२ सारखे चिमुकले बिंब गावच्या उजेडातही तग धरते. शिवाय दोन शहरांच्या मध्ये वसलेल्या गावाला सर्वांत काळे आकाश मिळते ते थेट डोक्यावर, आणि एनजीसी २३९२ नेमके तेथूनच जाते. जंबुक तारकासमूहातील एम २७ ही त्याहून ठळक बिंबाभ्रिकाही नशिराबादच्या खमध्यापासून दोन अंशांच्या आतच माथा ओलांडते.

दुर्बीण कोणती घ्यावी, हा प्रश्न व्यापारी घरात सर्वांत आधी निघतो आणि तो रास्तच आहे. खोक्यावर ‘पाचशे पट’ असे ठळक छापलेली लहान दुर्बीण मुलाच्या वाढदिवसाला आणली जाते, दोनदा चंद्र पाहिला जातो आणि मग ती माळ्यावर जाते. पैसे वाया जातात ते वर्धनाला भुलल्याने. दुर्बिणीचे भांडवल म्हणजे तिच्या आरशाचा किंवा भिंगाचा व्यास. अंधारात माणसाची बाहुली फार तर ७ मिलिमीटर उघडते. २०० मिलिमीटरचा, म्हणजे आठ इंची, आरसा तिच्या सुमारे ८०० पट प्रकाश गोळा करतो. वर्धन तर नेत्रिका बदलून हवे तेवढे मिळते. आरशाचे नाभ्यंतर १२०० मिलिमीटर असेल तर २५ मिलिमीटरची नेत्रिका ४८ पट आणि १० मिलिमीटरची १२० पट वर्धन देते. भागाकाराचाच प्रश्न तो.

घरगुती वापराला डॉब्सोनियन पद्धतीची दुर्बीण सर्वांत परवडते: खाली फिरता लाकडी पाट, वर झुलती नळी, मोटार नाही, गुंतागुंत नाही. ही बैठक लोकप्रिय करणारे जॉन डॉब्सन हे रामकृष्ण संप्रदायाच्या वेदान्त मठात २३ वर्षे संन्यासी होते. मठात राहूनच ते टाकाऊ काच घासून आरसे बनवत आणि रस्त्यावर दुर्बीण मांडून येणाऱ्या-जाणाऱ्यांना आकाश दाखवत. या नादापायी १९६७ साली त्यांना मठ सोडावा लागला. रस्त्यावरची दुर्बीण त्यांनी सोडली नाही. या रचनेत एकच अडचण आहे. नळी अगदी सरळ वर रोखली की ती बाजूला सरकवणे अवघड जाते. त्यामुळे एनजीसी २३९२ बरोबर माथ्यावर असताना न पाहता तासभर आधी किंवा नंतर पाहावे. तेवढ्या वेळात ते चौदा अंश बाजूला असते. मोटार नसल्याने १२० पट वर्धनात बिंब दोन मिनिटांच्या आत नजरेबाहेर सरकते आणि नळी हलकेच ढकलावी लागते. पृथ्वी फिरते याची अशी जाणीव शाळेतला गोल देऊ शकत नाही.

खानदेशातील हवेच्या काही खोडी ठाऊक असलेल्या बऱ्या. दिवसभर तापलेली काँक्रीटची गच्ची रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडते आणि तारे पाण्याखाली असल्यासारखे थरथरतात. त्यापेक्षा मळ्यातली मोकळी जमीन चांगली. मात्र केळीला पाणी दिलेल्या शेताजवळ बसल्यास थंडीत आरशावर व नेत्रिकेवर दव धरते. दुर्बीण तासभर आधी बाहेर ठेवावी, म्हणजे आरसा हवेइतका थंड होतो. डोळ्यांनाही अंधाराला सरावायला किमान वीस मिनिटे लागतात आणि मोबाइलच्या पडद्यावर एक नजर टाकली तरी ती वीस मिनिटे बुडतात. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणाऱ्या घरांत हा संधिकाळचा अवधी मोकळाच असतो, ही सोय लहान नव्हे. चातुर्मासात बहुधा ढगच असतात, तेव्हा दुर्बीण पेटीत ठेवणे उत्तम. दिवाळीची अमावस्या नावालाच अंधारी, फटाक्यांचा धूर तिला झाकून टाकतो. माघ आणि फाल्गुनातील अमावस्येच्या आसपासच्या रात्री खऱ्या कामाच्या.

आता त्या हिरव्या रंगाकडे वळू.

लंडनच्या ग्रेसचर्च स्ट्रीटवर हगिन्स कुटुंबाची कापडाची पेढी होती. विल्यम हगिन्स हा त्या घरचा मुलगा. विद्यापीठाची पदवी त्याच्याजवळ नव्हती. तरुणपणी तो पेढीच सांभाळत होता. वयाच्या तिशीत, १८५४ च्या सुमारास, त्याने धंदा विकला, आईवडिलांसह टल्स हिल या उपनगरात घर घेतले आणि परसात वेधशाळा बांधली. तिच्यात आठ इंची भिंगाची दुर्बीण होती. आज एखाद्या हौशी निरीक्षकाकडे असते त्याच व्यासाची, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. शेजारी विल्यम मिलर हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक राहत. दोघांनी मिळून ताऱ्यांचा प्रकाश लोलकातून पृथक्करण करून पाहण्यास आरंभ केला.

सराफ दागिना वितळवत नाही. कसोटीच्या दगडावर रेघ ओढतो आणि रेघेच्या रंगावरून सोन्याचा कस सांगतो. वर्णपटदर्शक हे प्रकाशाच्या कसोटीचे काम करते. प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरावीक जागी रेघ उमटवते, आणि मग कोट्यवधी मैलांवरच्या वस्तूत काय आहे ते घरबसल्या कळते. २९ ऑगस्ट १८६४ रोजी हगिन्सने आपले उपकरण कालेय तारकासमूहातील एनजीसी ६५४३ या बिंबाभ्रिकेकडे वळवले. त्या काळी अनेक विद्वानांचा समज असा होता, की सगळे तेजोमेघ म्हणजे दूरचे तारकापुंज; पुरेशी मोठी दुर्बीण लावली की त्यांतले तारे सुटे दिसतील. तसे असते तर ताऱ्यांसारखा सलग रंगपट्टा दिसायला हवा होता. दिसली ती एकच तेजस्वी हिरवी रेघ. आधी हगिन्सला उपकरणातच काही हलले असावे अशी शंका आली. नीट निरखल्यावर त्या रेघेच्या बाजूला आणखी दोन फिक्या रेघा आढळल्या. तारकापुंज नव्हे, तर विरळ, तेजस्वी वायू! शतकभराचा वाद एका रात्रीत, परसातल्या दुर्बिणीने मिटवला. हेच हगिन्स पुढे १९०० ते १९०५ या काळात रॉयल सोसायटीचे अध्यक्ष झाले.

वाद मिटला तसा दुसरा उभा राहिला. ती मुख्य हिरवी रेघ कोणत्या द्रव्याची? पृथ्वीवरच्या कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी ती जुळेना. सूर्यातील हेलियमच्या शोधाशी ज्यांचे नाव जोडले गेले आहे आणि ‘नेचर’ हे नियतकालिक ज्यांनी सुरू केले, त्या नॉर्मन लॉकियर यांचे मत होते की ती मॅग्नेशियमची. तेजोमेघ म्हणजे एकमेकांवर आदळणाऱ्या उल्कांचे थवे, असा त्यांचा मोठा सिद्धान्त होता आणि त्याचा बराच भार या एका रेघेवर होता. हगिन्स आणि त्यांच्या सहकारी असलेल्या पत्नी मार्गारेट यांनी याला विरोध केला. मॅग्नेशियमची खूण एका बाजूने पुसट होत जाणारा पट्टा अशी असते. तेजोमेघातील रेघ दोन्ही बाजूंनी स्वच्छ, तीक्ष्ण आहे की नाही, एवढ्यावर निवाडा अवलंबून होता.

याच सुमारास पुण्यात कावसजी दादाभाई नायगमवाला हे कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत, वेधशाळा चालवत होते. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून ती उभी राहिली आणि १८८८ साली पूर्ण झाली. तिची २० इंची परावर्तक दुर्बीण त्या काळी देशात सर्वांत मोठी गणली गेली. वेधशाळेची आखणी करताना नायगमवाला इंग्लंडला गेले होते आणि ज्यांचा सल्ला त्यांनी घेतला त्यांत खुद्द लॉकियर होते. पुण्यातून त्यांनी मृग नक्षत्रातील मोठ्या तेजोमेघाचा वर्णपट तपासला. ही बिंबाभ्रिका नव्हे, पण तीच हिरवी रेघ तेथेही असते. १८९१ साली रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला: रेघ सर्व परिस्थितीत तीक्ष्णच दिसते. म्हणजे कौल लॉकियर यांच्या विरुद्ध. अमेरिकेत लिक वेधशाळेतील जेम्स कीलर यांची अचूक मोजमापेही तेच सांगत होती. ज्याच्या मार्गदर्शनाने पेढी उभी केली त्याच्याच हुंडीवर ‘खोटी’ असा शेरा मारायचा, तोही वसाहतीतल्या एका अध्यापकाने, यासाठी लागणारा ताठपणा कमी नसावा. १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणात सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे निरीक्षण करणारेही हेच नायगमवाला. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा मात्र त्यांच्यामागे वेधशाळा चालवणारे कोणी नेमले गेले नाही. ती बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला रवाना झाली. पुण्यात हौशी निरीक्षकांची ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली ती १९४४ साली. मधल्या तीन दशकांची पोकळी महाराष्ट्राला महागात पडली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

ज्ञानसंस्थेला निरंतर उत्पन्न लावून द्यावे, ही दृष्टी खानदेशाला नवी नव्हती. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापलेल्या मठाची नोंद आहे. काळ इसवी सन १२०७. लेखाचा काही भाग जुन्या मराठीत आहे आणि त्यात बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरील उत्पन्नाचा हिस्सा आणि तेलाच्या घाण्यामागे पळीपळी तेल मठाला लावून दिले आहे. गणित आणि खगोल शिकणाऱ्यांचा दिवा खानदेशच्या बाजारपेठेतल्या तेलावर जळत होता. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात हा लेख अभ्यासकांच्या नजरेस आणला.

हिरव्या रेघेचे कोडे सुटले १९२७ साली. तोवर ‘नेब्युलियम’ नावाचे एक नवे मूलद्रव्य कल्पून लोकांनी काम चालवले होते. आयरा बोवेन या अमेरिकी शास्त्रज्ञाने दाखवून दिले की ते द्रव्य म्हणजे दुसरे-तिसरे काही नसून प्राणवायू आहे, दोन इलेक्ट्रॉन गमावलेला. पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत अणू इतके दाटीवाटीने असतात की अशा अणूला ती ऊर्जा प्रकाशरूपाने टाकण्यापूर्वीच दुसऱ्याचा धक्का लागतो. तेजोमेघातली विरळता आपल्या उत्तम निर्वात नळीतल्या विरळतेपेक्षाही अधिक. तेथे अणूला निवांतपणा मिळतो आणि एरवी ‘निषिद्ध’ मानली गेलेली रेघ उमटते. जो वायू आपण क्षणोक्षणी श्वासात घेतो, त्यालाच ओळखायला ६३ वर्षे लागली.

हौशी निरीक्षकाला या शोधाचा रोकडा फायदा आहे. त्या रेघेची तरंगलांबी सुमारे ५०१ नॅनोमीटर. अंधारात पाहणाऱ्या आपल्या नेत्रपेशी ५०७ नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक संवेदनशील असतात. म्हणजे बिंबाभ्रिकेचा प्रकाश आणि रात्रीची नजर जणू एकमेकांसाठी मापून घेतल्यासारखी. शिवाय ‘ओ-थ्री’ नावाचा गाळक मिळतो. तो नेत्रिकेच्या तोंडाशी बसवला की फक्त ही हिरवी रेघ आणि तिची शेजारीण आत येते, रस्त्यावरच्या दिव्यांचा बहुतेक उजेड बाहेर राहतो. नशिराबादसारख्या ठिकाणी दुसरी महागडी नेत्रिका घेण्यापेक्षा हा गाळक आधी घ्यावा. पांढऱ्या एलईडी दिव्यांपुढे त्याची मात्रा जुन्या पिवळ्या दिव्यांइतकी चालत नाही, कारण त्यांचा उजेड सर्वच रंगांत पसरलेला असतो; तरीही फरक पडतोच. ज्यांना गाळकाशिवाय पाहायचे आहे त्यांनी गाडी काढून रावेर तालुक्यात पालच्या बाजूला, सातपुड्याच्या कुशीत जावे.

आरंभ कार्तिकात करावा. संध्याकाळी पश्चिमेकडे अभिजित तारा ठळक असतो. त्याच्या स्वरमंडळात खालच्या दोन ताऱ्यांच्या मधोमध एम ५७ ही कंकणाकृती बिंबाभ्रिका सापडते. ती शोधायला सर्वांत सोपी, कारण दोन टोके माहीत असल्यावर मध्य काढायचा एवढेच. सरळ पाहिले तर नुसता डाग. नजर किंचित बाजूला नेली की मधले भोक उघडते. लहान मुले ते आधी पाहतात आणि मोठी माणसे ‘दिसले’ असे उगाच म्हणतात, असा अनेक निरीक्षणवर्गांचा अनुभव आहे. हंस समूहातील एनजीसी ६८२६ तर डोळे मिचकावणारी म्हणूनच ओळखली जाते. मधल्या ताऱ्याकडे रोखून पाहावे तर भोवतीचे बिंब नाहीसे, नजर बाजूला केली की पुन्हा हजर. हगिन्सची एनजीसी ६५४३ त्याच दिवसांत वायव्येला असते. माथ्यापासून ती दूर, जळगावच्या उजेडाकडे झुकलेली. पण चिमुकली व तेजस्वी असल्याने निभावते.

चैत्र-वैशाखाच्या सुमारास, एप्रिलच्या मध्यावर रात्री नऊ वाजता, दोन दक्षिणी बिंबाभ्रिका एकाच वेळी मध्यमंडलाजवळ येतात. वासुकी समूहातील एनजीसी ३२४२ क्षितिजापासून सुमारे ५० अंश उंच असते. आठ इंची दुर्बिणीत तिचा निळा-हिरवा रंग बहुतेकांना प्रथम दर्शनीच दिसतो. तिच्या बऱ्याच खाली, अजिंठ्याच्या डोंगरांच्या दिशेला २८ अंशांवर, एनजीसी ३१३२ असते. जेम्स वेब अवकाश दुर्बिणीची पहिली छायाचित्रे १२ जुलै २०२२ रोजी प्रसिद्ध झाली, त्यांत हिचे एक होते. लंडनहून ती कधी उगवतच नाही, त्यामुळे टल्स हिलच्या परसातून हगिन्सला ती दिसणे शक्य नव्हते. नशिराबादच्या मळ्यातून दिसते. मे उजाडला की उन्हाळी धूळ दक्षिणेचे क्षितिज झाकू लागते, तेव्हा होळी आटोपताच नळी त्या दिशेला वळवावी.